एनजीसी 1316 कागदावर उतरवताना

हिवाळ्यात आकाशदर्शनाला जाणाऱ्यांच्या याद्या बहुतेक सारख्याच असतात. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, देवयानीतली दीर्घिका, गुरू वर असला तर गुरू. दक्षिणेकडे वळलंच कुणी, तर अगस्त्य दाखवतं आणि मंडळी चहाकडे जातात. मृगाच्या पश्चिमेकडून वैतरणी हा नदीसारखा तारकासमूह नागमोडी वळणं घेत खाली उतरतो. त्याच्या एका वळणात जो ओसाड वाटणारा तुकडा आहे, तिथं मुद्दाम दुर्बीण लावणारा माणूस मला मामाशिवाय दुसरा भेटलेला नव्हता. त्या तुकड्याचं नाव अश्मंत. तिथल्या सगळ्यात ठळक ताऱ्याची प्रतही (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) जेमतेम 3.9 आहे. पुण्यातल्या आमच्या गच्चीवरून आख्खा तारकासमूहच गायब असतो.

त्याला पुराणकथाही नाही. निकोला लुई द लाकाय या फ्रेंच निरीक्षकानं 1751-52 मध्ये केप ऑफ गुड होपला राहून दक्षिणेचं आकाश मोजलं आणि उरलेल्या मोकळ्या जागांना आपल्या काळातल्या उपकरणांची नावं देऊन टाकली. कुणाला दुर्बीण, कुणाला सूक्ष्मदर्शक, कुणाला लंबकाचं घड्याळ. याच्या वाट्याला रसायनशाळेतली भट्टी आली.

त्या भट्टीत मला एनजीसी 1316, म्हणजे एनजीसी या सूचीतली 1316 क्रमांकाची भिंगाकार दीर्घिका, रेखाटायची होती. रेखाटायची म्हणजे पेन्सिलीनं, डोळ्यांना दिसेल तेवढीच. मामाचा हा जुना हट्ट. त्यानं आरसा घासणं पुण्यातल्या आयुका या खगोलसंस्थेतल्या कार्यशाळेत शिकून घेतलं, मग घरच्या घरी आठ इंची आरसा घासून डॉब्सोनियन, म्हणजे हातानं फिरवायची साधी आरशाची दुर्बीण बनवली, आणि ती दुर्बीण ज्याला हवी त्याला तो बिनदिक्कत देतो. अट एकच, सोबत वही न्यायची. "फोटो कॅमेरा काढतो," असं त्याचं म्हणणं. "तू काय बघितलंस ते मला वहीत दाखव."

मला खरं तर सर्पिल दीर्घिका हवी होती. सगळ्यांनाच ती हवी असते. मामा नको म्हणाला, आणि आता मीही नव्या माणसाला नकोच म्हणते. छापील चित्रांतले निळसर, गुंडाळलेले बाहू डोक्यात घेऊन माणूस आयपीसला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळ्याजवळच्या भिंगाला, डोळा लावतो, आठ इंची दुर्बिणीत त्यातलं फारसं काही नसतं, आणि मग एक तर तो हिरमुसतो किंवा न दिसलेले बाहू इमानेइतबारे काढून मोकळा होतो. भिंगाकार दीर्घिकेत ही भानगड नाही. तिला बाहूच नाहीत. मध्ये ताऱ्यांचा मोठा फुगवटा, भोवती तबकडी, नवे तारे घडवायला लागणारा थंड वायू जवळपास संपलेला, त्यामुळे उरलेत ते बहुतेक म्हातारे, पिवळसर तारे. सगळं एकसारखं, मऊ, कडेकडेला विरत गेलेलं. जे आहे ते आठ इंचांत बऱ्यापैकी दिसतं, आणि जे दिसत नाही ते कल्पनेनं भरायला जागाच राहत नाही. बघायला शिकायचं तर यापेक्षा सोयीचं काही नाही, फक्त कंटाळा यायला नको.

दुसरी अट होती, रेखाटन पुरं होईपर्यंत तिचा एकही फोटो बघायचा नाही. फोनच्या जमान्यात हीच अट सगळ्यात जड गेली.

आधी गणित. दीर्घिकेची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, दक्षिण 37 अंश 12 कला (60 कलांचा एक अंश). आमची जागा वेल्ह्याच्या पुढे केळदच्या बाजूला, अक्षांश 18 च्या थोडं वर. म्हणजे ती याम्योत्तरावर, डोक्यावरून जाणाऱ्या दक्षिणोत्तर रेषेवर, सगळ्यात उंच येते तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम 35 अंश वर. एवढ्या उंचीवर तिच्या प्रकाशाला डोक्यावरच्या ताऱ्याच्या मानानं पावणेदोन पट हवा ओलांडून यावं लागतं, आणि त्या हवेत धूळ, दमटपणा, शेतातला धूर, सगळं आलं. जेम्स डनलॉप या स्कॉटिश निरीक्षकानं 1826 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटाहून, स्वतः बनवलेल्या नऊ इंची आरशाच्या दुर्बिणीतून ती पहिल्यांदा नोंदवली. तिथून ती खमध्यापासून साडेतीन अंशांच्या आतून जाते, अगदी डोक्यावरून. नऊ इंच त्याचे, आठ आपले, तेव्हा दुर्बिणीत फार फरक नाही, अक्षांशात आहे. मला हे वाचून त्याचा थोडा हेवा वाटला.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती रात्री साडेनऊच्या सुमाराला याम्योत्तरावर असते. तेव्हा मार्गशीर्षातली अमावास्या गाठायची ठरली. गटातला लातूरचा मित्र वेळ अमावास्येला गावी गेला होता, भज्जी आणि आंबिल सोडून तो थंडीत कुडकुडायला येणार नव्हताच. उरलो मामा आणि मी.

जागा निवडताना लोक काळोख बघतात. दक्षिणेच्या वस्तूसाठी काळोख कोणत्या दिशेला आहे हे बघावं लागतं. पुण्याचा उजेड आम्हाला ईशान्येला पडतो, तो पाठीमागे राहतो. नैऋत्येला कड्याखाली महाडच्या बाजूची झाक असते, पण ती खाली, क्षितिजालगत. दक्षिण मोकळी. पलीकडच्या पठारावर तंबूवाल्यांनी ढणढणीत दिवे लावून गाणी सुरू केली होती. मामानं जाऊन त्यांच्याशी काय बोलणं केलं माहीत नाही, पण दिवे गेले. गाणी राहिली. गाण्यांनी दीर्घिकेला काही होत नाही.

सूर्य मावळायच्या आत दुर्बीण बाहेर काढून ठेवली. आरसा घरच्या उबेतून येतो, तो बाहेरच्या थंडीला सरावेपर्यंत त्याच्यावरून गरम हवेच्या लाटा उठत राहतात आणि सगळे तारे उकळल्यासारखे दिसतात. हा वेळ कॉलिमेशनला जातो, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत आणायला. मग जेवण. ज्यांच्या पडवीत आम्ही सामान टाकलं होतं त्या घरातून पिठलं-भाकरी आली. अंधार पडल्यावर फोन बंद करून पिशवीत. डोळ्यांना पूर्ण सरावायला अर्धा तास तरी लागतो आणि तो सराव पांढऱ्या उजेडाच्या एका झोतानं मोडतो, म्हणून विजेरीला लाल जिलेटीन गुंडाळलेलं. तेही मंद.

आता वाट. माझ्याकडे छापून नेलेला नकाशा होता. दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की अगदी खाली अग्रनद दिसतो, वैतरणीचं शेवटचं टोक. त्याच्या डावीकडे वर, साधारण 30 अंशांच्या उंचीवर अकामार नावाचा तारा. हा दुर्बिणीत सुंदर जोडतारा दिसतो, दोन पांढरे ठिपके एकमेकांना जवळपास चिकटलेले. फोकस नीट बसलाय का हे तपासायला उत्तम, शिवाय आत्मविश्वास येतो. अकामारपासून डावीकडे आणि किंचित वर, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, चौथ्या-साडेचौथ्या प्रतीच्या तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे. नकाशात त्यांना वैतरणीतले एफ, जी आणि एच म्हणतात. यातला एच महत्त्वाचा, कारण त्याची क्रांती आणि आपल्या दीर्घिकेची क्रांती जवळपास एकच. एचपासून सरळ पश्चिमेला चार अंश गेलं की एनजीसी 1316. आणि दोन्ही याम्योत्तराजवळ असताना पश्चिम म्हणजे सरळ उजवीकडे. डॉब्सोनियनला वर-खाली हात लावायचा नाही, नुसती आडवी फिरवायची. संगणकावर चालणारी दुर्बीण असलेल्यांना यातली गंमत कळणार नाही, त्यांना ती नको असेल तर माझी तक्रार नाही.

8×50 च्या फाइंडरमध्ये, म्हणजे दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीत, एच एका कडेला ठेवला की चार अंशांवरची जागा दुसऱ्या कडेजवळ येते. फाइंडरमध्ये सगळं उलटं दिसतं, म्हणून नकाशाही उलटा धरलेला. शेवटची खूण म्हणजे अश्मंतातलं सहाव्या प्रतीच्या आसपासच्या तीन ताऱ्यांचं त्रिकूट, अर्ध्या अंशात दाटीनं बसलेलं. दीर्घिका त्याच्या नैऋत्येला सुमारे दीड अंशावर. त्रिकूट सापडलं, दीड अंश सरकले, आणि 25 मिलिमीटरच्या आयपीसला डोळा लावला.

"काय दिसतंय?" मामा.

"तारे."

"आणि?"

"आणि एक तारा जरा फुगलाय."

"तोच."

48 पट मोठं करूनही पहिल्या क्षणी एवढंच होतं. मग डोळा तिथंच राहिला आणि फुगलेल्या ताऱ्याच्या भोवती काहीतरी उजळ जमू लागलं. थेट बघितलं की आकसायचं, नजर हलली की पसरायचं. याचं कारण डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्यातल्या पडद्याचा जो मधला भाग आपण वाचताना वापरतो, तिथं मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी नसतात. त्या बाजूला असतात. तेव्हा मंद वस्तू बघायची तर तिच्या शेजारी बघायचं. कुठल्या शेजारी, हेही ठरलेलं आहे. उजवा डोळा लावला असेल तर नजर उजवीकडे न्यायची, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहते. उलट केलं तर ती डोळ्याच्या आंधळ्या ठिपक्यावर पडून साफ नाहीशी होऊ शकते. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. प्रत्यक्षात मान अवघडलेली, पापणीवर गारठा, आणि मेंदू सारखा डोळ्याला ओढून थेट वस्तूवर आणतो, कारण आयुष्यभर त्याला तीच सवय. ती मोडायला वेळ लागतो. मामा म्हणाला, श्वास रोखू नकोस, रोखलास की आणखी कमी दिसतं. दुर्बिणीच्या नळीवर बोटानं हलकी टिचकी मारायची युक्तीही त्याचीच. स्थिर मंद डागापेक्षा हलणारा मंद डाग डोळ्याला चटकन कळतो.

हळूहळू ती उलगडली. मध्ये अगदी छोटा, तीव्र उजळ गाभा. त्याच्याभोवती दाट उजेड. त्याच्याबाहेर पातळ उजेड, आणि तो गोल नव्हता, एका दिशेनं ओढलेला होता. कडा कुठेच नाही. कुठे संपते म्हणून विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर द्यावं लागेल. आणि तिच्या उत्तरेला, सहाएक कलांवर, दुसरा एक डाग, लहान आणि मंद. मामाला विचारलं तर तो गप्प. नंतर नकाशात सापडला, एनजीसी 1317, शेजारची सर्पिल दीर्घिका.

तेवढ्यात घरातले आजोबा कांबळं घेऊन बाहेर आले. त्यांनाही दाखवली. बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, "काचेवर फुंकर मारल्यावानी दिसतंय." माझ्या वहीत त्या रात्रीच्या नोंदीत हेच वाक्य लिहिलंय, कारण माझ्याच्यानं याहून अचूक काही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, किती लांब आहे. सहा-सात कोटी प्रकाशवर्षं, मामानं सांगितलं, म्हणजे तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सहा-सात कोटी वर्षं लागली. नेमका आकडा मोजणाऱ्यांत थोडा एकमेकांत फरक आहे, कुणाचा सहा कोटींच्या जरा खाली येतो, कुणाचा सातच्या जवळ जातो. आणि ज्या काळ्या कातळावर आम्ही तिघं उभे होतो तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. आकड्यांच्या त्या फरकात आख्खा दख्खनचा लाव्हा बसतो. आजोबांना कोटींचं अप्रूप नव्हतं. "म्हंजे आता असंल का नसंल, तेबी म्हाईत न्हाई," म्हणाले आणि शेकायला गेले.

मग रेखाटन. पांढरा कागद, त्यावर आधीच घरून काढून आणलेलं वर्तुळ, हे आयपीसमधलं क्षेत्र, प्रत्यक्षात एक अंशाहून थोडं मोठं. पहिलं काम दिशा. दुर्बिणीला हात लावायचा नाही, तारे ज्या कडेकडे सरकतात ती पश्चिम. तिथं "प" लिहिला. या दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळे मध्यावरची वस्तू अडीच-तीन मिनिटांत कडेला जाते, परत ढकलून आणायची, परत जाते. हे सगळं लाल उजेडात, हातमोज्यातून दोन बोटं बाहेर काढून.

आधी तारे मांडायचे, दीर्घिका शेवटी. ठळक तारे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, हा दोनवर, हा सातवर, हा मध्यापासून निम्म्यात. मग त्यांच्यात त्रिकोण शोधत मंद तारे. ताऱ्यांची जागा चुकली तर दीर्घिकेचा आकार आणि कल यांना काही अर्थच राहत नाही, म्हणून इथं घाई नको. मामा अधूनमधून येऊन बघायचा आणि काही न बोलता जायचा, जे बोलण्यापेक्षा वाईट. मग 10 मिलिमीटरचा आयपीस लावला. 120 पटीला क्षेत्र लहान होतं, पण आकाशाची पार्श्वभूमी काळी पडते आणि गाभा खुलतो. गाभ्याजवळचे दोन-चार बारीक तारे मला इथंच कळले. ते जपून मांडले. त्यांचा उपयोग पुढे आहे.

उजेड काढण्याची रीत अशी की पेन्सिल टेकवायचीच नाही. बाजूच्या कागदावर शिसं घासून भुकटी करायची, कापसाचा बोळा त्यात बुडवायचा, आणि कडेकडून मध्याकडे फिरवत आणायचा. जास्त झालं तर खोडरबरानं टिपून घ्यायचं. पांढऱ्या कागदावर उजेड काळा येतो, घरी संगणकावर उलटवला की आकाश काळं होतं. अवघड भाग होता बाहेरचा पातळ उजेड. तो खरंच आहे की बोळ्याचा डाग सुबक दिसतोय म्हणून मी वाढवत नेतेय? यावर मामाचा उपाय सोपा आहे: कागद झाकायचा, डोळे मिटून पुन्हा सरावायचे, पुन्हा बघायचं, आणि दोन्ही वेळेला तीच दिशा आली तरच ठेवायचं. मला दोन्ही वेळेला ती ईशान्येकडून नैऋत्येकडे ताणलेली दिसली. ठेवली. मधल्या दाट भागात काही काळपट रेघ असावी अशी शंका आली होती, ती पुन्हा बघितल्यावर टिकली नाही. काढली नाही.

शेजारी वेळ, हवेची स्थिरता, पारदर्शकता, नुसत्या डोळ्यांना दिसलेला सगळ्यात मंद तारा. सही. मग दहिवरानं फाइंडरची काच आंधळी झाली आणि काम तसंही थांबलंच.

फोटो मी दोन दिवसांनी उघडले. चिलीतल्या ला सिला वेधशाळेच्या 2.2 मीटर दुर्बिणीनं घेतलेलं, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं चित्र आधी बघितलं. ताण ईशान्य-नैऋत्यच. एवढ्यावरच मी मामाला फोन केला. पण बाकीचं चित्र बघून गप्प झाले. मी जिथं बोळा फिरवायचा थांबवला होता तिथून पुढे पातळ कवचं, लाटा, फास, एकात एक अडकलेले. मधल्या दाट भागात काळी धूळ, तुटलेल्या धाग्यांसारखी. हबल दुर्बिणीच्या 2003 मधल्या चित्रात ती धूळ इतकी उघडी दिसते की शांत, म्हाताऱ्या दीर्घिकेत ती आली कुठून हा प्रश्न पडतोच.

ती आली खाल्लेल्या दीर्घिकांतून. फ्रान्स्वा श्वाइझर यांनी 1980 मध्ये या कवचांचा आणि लाटांचा सविस्तर अभ्यास मांडला. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की ताऱ्यांची टक्कर सहसा होत नाही, पण त्यांच्या कक्षा विस्कटतात, आणि गिळलेल्या दीर्घिकेचे तारे पुढेमागे झोके घेत राहतात. झोक्याच्या टोकाला ते रेंगाळतात, तिथं गर्दी होते, आणि तीच गर्दी कवच म्हणून दिसते. पुढे तिच्यातल्या काही गोलाकार तारकागुच्छांचं वय सुमारे 300 कोटी वर्षं निघालं. म्हणजे तेवढ्या पूर्वी मोठी मिसळ झाली, वायू दाबला गेला, गुच्छ जन्मले. त्यानंतरही लहानसहान दीर्घिका आत पडत राहिल्या असाव्यात.

भिंगाकार दीर्घिकांबद्दल इथं एक गोष्ट सांगायला हवी. एडविन हबल यांनी 1936 मध्ये दीर्घिकांची जी मांडणी केली, तीत लंबवर्तुळाकार आणि सर्पिल यांच्या सांध्यावर एस-शून्य हा प्रकार बऱ्याच अंशी तर्कानं बसवलेला होता, मधे काहीतरी असायला हवं म्हणून. त्या जागेवर खऱ्या दीर्घिका नंतर येऊन बसल्या. मात्र सगळ्या एकाच वाटेनं आल्या नाहीत. काही पूर्वी सर्पिल होत्या आणि दीर्घिकांच्या गर्दीत फिरताना त्यांचा वायू ओरबाडला गेला. काही मिसळीतून झाल्या. एनजीसी 1316 दुसऱ्या प्रकारची, आणि तिथंही ती शहाण्यासारखी बसत नाही. सूचींत तिच्या प्रकारापुढे "विचित्र" अशा अर्थाची खूण असते आणि काही जण तिला लंबवर्तुळाकारच म्हणतात. मला हे आवडतं. रात्रभर बोळा फिरवून मलाही तबकडी कुठे संपते आणि फुगवटा कुठे सुरू होतो हे कळलं नव्हतंच.

रेडिओचं चित्र मात्र मी बसूनच बघितलं. रेडिओ खगोलशास्त्रात या दीर्घिकेचं नाव फॉर्नॅक्स ए (फॉर्नॅक्स म्हणजे आपला अश्मंत), आणि ती आकाशातल्या सगळ्यात प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक. गाभ्यात सुमारे 15 कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. त्याच्याभोवतून कधीकाळी निघालेल्या झोतांनी दोन्ही बाजूंना भारित कणांचे प्रचंड फुगे तयार केले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 10 लाख प्रकाशवर्षं. आकाशात ही लांबी जवळजवळ एक अंश भरते. माझ्या कागदावरचं वर्तुळ एक अंशाहून थोडं मोठं होतं. म्हणजे ज्या वर्तुळाच्या मधोमध मी नखाएवढा डाग काढला, ते वर्तुळ रेडिओत बघितलं तर कडेपर्यंत भरलेलं आहे. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश सर्वेक्षणात दक्षिण 53 अंशांपर्यंतचा भाग येतो, त्यामुळे अश्मंतही त्या 30 अँटेनांच्या नजरेखालून गेलेला आहे. शाळेच्या सहलीत त्या तबकड्यांखाली आम्ही डबा खाल्ला होता, वर काय बघतात हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

त्या रात्रीचं अजून एक राहिलं. फाइंडर पुसून आम्ही झोपलो आणि मामानं पहाटे चारला उठवलं. सिंहाच्या खाली सेक्स्टन्स या तारकासमूहात एनजीसी 3115 तेव्हा याम्योत्तरावर असते, तीही भिंगाकार, क्रांती दक्षिण साडेसात अंशांच्या आसपास, म्हणून आपल्याकडून चांगली उंच. विल्यम हर्शल यांनी 1787 मध्ये नोंदवलेली. ती आपल्याला कडेनं दिसते. दुर्बिणीत एक बारीक, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली चाती, मध्ये फुगलेली. अंतर एनजीसी 1316 च्या साधारण निम्मं, सव्वातीन कोटी प्रकाशवर्षांच्या घरात, आणि पोटात तिच्यापेक्षा कितीतरी मोठं, 100 कोटी सूर्यांच्या घरातलं कृष्णविवर. वर्णन वाचून भिंगाचा आकार मला कधी नीट कळला नव्हता. तबकडी आडवी असेल तर कशी दिसते हे तिच्याकडे बघून पाच मिनिटांत कळलं. ज्याला सोपी सुरुवात हवी त्यानं हीच घ्यावी. उंच आहे, ठळक आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये झोपमोडही नाही. मामाला हे सांगितलं तर तो म्हणतो, सोपी हवी तर चंद्र बघ.

रेखाटन स्वच्छ करून वहीत चिकटवलं. मामानं भिंग घेऊन बघितलं आणि दीर्घिकेबद्दल एक शब्द न बोलता गाभ्याजवळच्या त्या बारीक ताऱ्यांवर बोट ठेवलं.

"हे नीट आहेत?"

"हो. 120 ला तपासलेत."

"मग ही वही दर हिवाळ्यात न्यायची."

कारण असं की या दीर्घिकेत 1980 पासून 2006 पर्यंत प्रकार एक-ए चे चार अतिनवतारे, म्हणजे स्फोटानं अचानक उजळणारे तारे, नोंदले गेले. 1980एन, 1981डी, आणि 2006 मध्ये एकाच वर्षात दोन. बहुतेक दीर्घिकांना शतकात एक-दोन मिळतात. 2006डीडी हा दक्षिण आफ्रिकेतल्या बर्टो मोनार्ड या हौशी निरीक्षकानं शोधला. अशा ताऱ्याचं तेज चढतं तेव्हा तो साडेबाराव्या प्रतीच्या आसपास पोचतो, म्हणजे काळोख चांगला असेल तर आठ इंचांच्या आवाक्यात. शोध घेणारे स्वयंचलित कॅमेरे आता रोज रात्री आकाश चाळत असतात, त्यामुळे आपण पहिले असू ही शक्यता धरूच नये. तरी या मोसमात केळदला दुर्बीण लावल्यावर मी आधी तेच केलं. वही उघडली, 120 पट, नजर उजवीकडे, आणि गाभ्याभोवतीचे तारे एकेक करून कागदाशी जुळवले. जास्तीचा एकही नव्हता. मग एनजीसी 1365 कडे वळले, अश्मंतातच आहे, आणि सर्पिल आहे. आता मामाची हरकत नाही.